एड्युरोम कॅम्पसवर घ्यावं का? घ्यावं, पण आधी घरचा रेडियस नीट बसवा

परिसंवादाला आलेल्या परदेशी संशोधकाला वायफाय द्यायचं म्हणजे बहुतेक कॅम्पसवर एकच रीत असते: पोर्टल उघडा, मोबाइल नंबर टाका, ओटीपीची वाट बघा. त्याच्या सिमवर एसएमएस येतच नाही, मग कोणीतरी विद्यार्थी स्वतःचा पासवर्ड देऊन मोकळा होतो. एड्युरोम या शिक्षणसंस्थांच्या सामायिक वायफाय व्यवस्थेने हा प्रश्न मुळातूनच काढून टाकलाय. कल्पना २००२ सालची, नेदरलँड्सच्या सर्फनेट या शिक्षण-संशोधन नेटवर्कमधली. आज शंभराहून जास्त देशांत एकाच नावाचं वायफाय दिसतं आणि आपल्या संस्थेचं खातं तिथे चालतं. भारतात ही व्यवस्था अर्नेट इंडिया, म्हणजे शिक्षण-संशोधन नेटवर्कची सरकारी संस्था, बघते.

रचना साधी आहे. डच पाहुण्याने मुंबईत फोन उघडला की विनंती अ‍ॅक्सेस पॉइंटकडून कॅम्पसच्या रेडियसकडे (लॉगिन तपासणारा सर्व्हर), तिथून अर्नेटच्या सर्व्हरकडे, मग वरच्या आंतरराष्ट्रीय सर्व्हरमार्गे नेदरलँड्समध्ये त्याच्या विद्यापीठात जाते. दिशा ठरते ती नावातल्या @ च्या पुढच्या भागावरून, त्याला रेल्म म्हणतात. पासवर्ड टीएलएसच्या कूटबद्ध बोगद्यातून थेट घरच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या संस्थेच्या, सर्व्हरपर्यंत पोहोचतो, मधल्या कोणालाही दिसत नाही. एका लॉगिनला अशा आठ-दहा फेऱ्या लागतात, त्यामुळे परदेशी पाहुण्याला पहिल्यांदा दोन-तीन सेकंद थांबावं लागलं तर तो बिघाड समजू नये.

आता खरी मेख. सेवा चांगली वाटेल की वाईट, हे अर्नेट ठरवत नाही. ज्याचं खातं आहे त्या संस्थेचा रेडियस ठरवतो. पाहुणा मात्र खापर यजमानांवर फोडतो.

पहिली निवड ईएपीच्या, म्हणजे लॉगिन पडताळणीच्या पद्धतीच्या, प्रकाराची. पीईएपी-एमएसचॅप-व्ही२ सगळ्या उपकरणांवर आयतं मिळतं म्हणून लोक तेच उचलतात. पण त्याला सर्व्हरवर पासवर्डचा एनटी हॅश (विंडोजच्या पद्धतीने केलेलं सांकेतिक रूप) किंवा चक्क मूळ पासवर्ड लागतो. तुमच्या एलडॅपमध्ये (खात्यांच्या यादीत) सॉल्टेड, म्हणजे यादृच्छिक भर घालून केलेले, हॅश असतील तर ते चालणारच नाही, कितीही खटपट करा. तिथे टीटीएलएस-पॅप घ्यावं. शिवाय विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये क्रेडेन्शियल गार्ड हे पासवर्ड जपणारं संरक्षण आपोआप चालू होतं आणि विंडोजच्या लॉगिनवर चालणारं एमएसचॅप-व्ही२ बंद पडतं. नव्याने उभारणी करत असाल तर सरळ ईएपी-टीएलएस, म्हणजे प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र प्रमाणपत्र. काम जास्त आहे, पण चोरायला पासवर्डच उरत नाही.

सर्व्हरच्या प्रमाणपत्राकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ‘व्हॅलिडेट करू नका’ निवडून जोडा, असं सांगणारी पत्रकं अजूनही फिरतात. याचा अर्थ असा, की कोणीही त्याच नावाचं बनावट वायफाय उभं करून पासवर्ड गोळा करू शकतो. डिसेंबर २०२० मधल्या अँड्रॉइड ११च्या अपडेटपासून हा पर्याय पिक्सेलवरून गेला, नंतर इतर फोनवरूनही. बरं झालं. माझ्या मते इथे बाजारातलं सार्वजनिक प्रमाणपत्र घेऊच नये. त्याची मुदत आधीच कमी होती, आणि २०२९पर्यंत ती ४७ दिवसांवर येणार आहे. वायफायला ब्राउझरची विश्वासू प्रमाणपत्रांची यादी लागत नाही. स्वतःचं, लांब मुदतीचं खासगी सीए (प्रमाणपत्रं देणारी यंत्रणा) काढा आणि गेटएड्युरोम अ‍ॅप किंवा एड्युरोमच्याच कॅट या साधनाच्या इन्स्टॉलरमधून ते सर्व्हरच्या नावासकट उपकरणात घाला. हाताने सेटिंग भरायला सांगणं पूर्ण बंद.

तुमचा माणूस दुसऱ्या संस्थेत गेल्यावर लॉगिन नुसतंच फिरत राहतं, होकार नाही आणि नकारही नाही, तेव्हा बहुतेकदा रेडियसच्या यूडीपी पॅकेटचे तुकडे वाटेतल्या फायरवॉलवर पडलेले असतात. प्रमाणपत्रांची साखळी मोठी असली की पॅकेट १५०० बाइटच्या वर जातं. सर्व्हरवर ईएपीच्या तुकड्याचं माप १०२४च्या आसपास ठेवा, रेडियसच्या १८१२ पोर्टसाठी फायरवॉलमधून हे तुकडे जाऊ द्या. जमलं तर अर्नेटकडची जोडणी रॅडसेकवर, म्हणजे कूटबद्ध रेडियसवर, न्या. ते २०८३ पोर्टवर टीसीपी-टीएलएसने चालतं आणि ही कटकट संपते.

फ्रीरेडियस हा मुक्त रेडियस सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. दूरच्या एखाद्या विद्यापीठाचा सर्व्हर गप्प बसला की तुमचा सर्व्हर अर्नेटचाच सर्व्हर मेला असं धरतो आणि सगळे पाहुणे बाहेर पडतात. प्रॉक्सीच्या (विनंती पुढे पाठवण्याच्या) मांडणीत स्टेटस-सर्व्हर तपासणी, म्हणजे अर्नेटचा सर्व्हर जिवंत आहे का हे थेट विचारणं, लावली की हे थांबतं.

बाहेरून येणाऱ्या होकारातली व्हीलॅनची (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्याची) माहिती काढून टाका, नाहीतर परक्या संस्थेने पाठवलेल्या क्रमांकाने पाहुणा तुमच्या लेखा विभागाच्या व्हीलॅनमध्ये जाऊन बसेल. @ नसलेली, मध्ये स्पेस असलेली, जीमेलची आणि सिमवरून आपोआप येणारी नावं जागीच नाकारा, वर पाठवू नका. स्वतःच्या रेल्मची नावं तर वर अजिबात पाठवू नका, विनंती परत तुमच्याकडेच येऊन चक्र लागतं.

नोंदींबाबत: बोगद्याबाहेर दिसणारं नाव निनावी असू शकतं, म्हणून मॅक (उपकरणाचा क्रमांक), आयपी, वेळ आणि नॅटची (कोणत्या सार्वजनिक पत्त्याने बाहेर गेला त्याची) नोंद एकत्र ठेवावी लागते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायचं.

तपासणी ईएपीओएल-टेस्ट या लॉगिन तपासणाऱ्या प्रोग्रामने करा, तीही तीन खात्यांनी: बरोबर पासवर्ड, चुकीचा पासवर्ड आणि अस्तित्वात नसलेला रेल्म. चुकीच्या दोन्हींना लगेच नकार यायला हवा. मग शेजारच्या सदस्य संस्थेत फोन घेऊन जा. ज्या कॉलेजात स्वतःच्या खात्यांचा रेडियस सांभाळायला माणूसच नाही, त्यांनी तूर्त फक्त यजमान व्हावं. पाहुण्यांना जोडून द्यायला स्वतःची खाती काढावी लागत नाहीत.