युद्धातला फोटो आजच्या रस्त्यात मिसळावा, की शेजारी ठेवावा?

युद्धकाळातला एक फोटो हाताशी आहे, त्यातली जागा आजही सापडते आणि दोन्ही काळ एकत्र दाखवायचे आहेत. अशा वेळी तीन वाटा असतात: दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवायचे, स्लायडर लावून एकावरून दुसऱ्यावर सरकायचं, किंवा दोन्ही एकाच चौकटीत मिसळायचे. पहिल्या नजरेत धरून ठेवतं ते मिसळलेलं चित्रच. तरीही दर वेळी ते निवडू नये, असं मला मनापासून वाटतं.

मी आधी एवढंच बघतो, की त्या जागेत जुनं काय उरलंय. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचे (तेव्हाचं लेनिनग्राड) छायाचित्रकार सेर्गेई लारेन्कोव्ह यांनी दुसऱ्या महायुद्धात आपल्याच शहराला पडलेल्या जर्मन वेढ्याचे फोटो आजच्या रस्त्यांत मिसळले. ते इतके भिडतात, कारण तिथल्या भिंती, पूल, घुमट तेच आहेत. वेढा ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, म्हणजे ८७२ दिवस चालला. १९४२ मध्ये सेंट आयझॅक कॅथेड्रलसमोरच्या चौकात लोकांनी कोबी लावला होता. फोटोत कोबीचे गड्डे आहेत, मागे तेच भव्य खांब. आजच्या फोटोतले खांब त्या खांबांवर नेमके बसवले आणि खालचा कोबी हळूहळू आजच्या चौकात विरू दिला, की भूक कुठवर पोचली होती ते ओळभरही न लिहिता कळतं. इथे मिसळणंच योग्य.

पोलंडची राजधानी वॉर्साच्या जुन्या शहरात मात्र हेच तंत्र घात करतं. तो भाग युद्धात जवळजवळ पूर्ण नष्ट झाला आणि नंतर जुनी चित्रं-आराखडे पाहून पुन्हा उभारला गेला. १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते या पुनर्उभारणीसाठीच. ढिगाऱ्यातली भिंत आजच्या रंगवलेल्या भिंतीला जोडली, तर भिंत टिकली आणि नुसती डागडुजी झाली असं वाटतं. खरी गोष्ट झाली ती मधल्या वर्षांत, आणि ती वर्षंच सांध्यात गडप होतात. इथे दोन फोटो वेगळे ठेवा आणि खाली दोन ओळी लिहा. रशियातल्या स्टालिनग्राडच्या (आजचं व्होल्गोग्राड) स्टेशनसमोरचं, फेर धरलेल्या मुलांचं कारंजं तसंच. १९४२ च्या प्रसिद्ध फोटोतलं कारंजं पुढे काढून टाकलं. आज दिसते ती २०१३ मध्ये बसवलेली प्रतिकृती. तिला खूण मानून फोटो जुळवू नका.

स्लायडरचा खरा उपयोग एखाद्या वस्तूचं असणं-नसणं दाखवायला होतो. लेनिनग्राडच्या अनिच्कोव्ह पुलावरचे घोड्यांचे चार पुतळे १९४१ मध्ये उतरवून शेजारच्या राजवाड्याच्या बागेत पुरले. ते १९४५ मध्ये परत चौथऱ्यांवर आले. मिसळताना घोडा ठेवायचा की रिकामा चौथरा, यातलं एक निवडावं लागतं. स्लायडरवर बोट सरकवलं की घोडा नाहीसा होतो, परत येतो. त्याच पुलाच्या ग्रॅनाइटवर तोफगोळ्याच्या तुकड्याची खूण मुद्दाम राखली आहे. शेजारच्या पाटीवर शहरावर पडलेल्या गोळ्यांचा आकडा आहे: १,४८,४७८. त्या खुणेला कसलंच तंत्र नको, जवळ जाऊन काढलेला आजचा एक फोटो पुरतो.

मेहनतीतही मोठा फरक आहे. शेजारी ठेवायचे असतील तर चार पावलं इकडेतिकडे चालतात. स्लायडर आणि मिसळण्यासाठी मात्र मूळ छायाचित्रकार जिथे उभा होता तिथेच उभं राहावं लागतं, कारण जवळच्या-दूरच्या वस्तूंची मांडणी लेन्सवर नाही, उभं राहण्याच्या जागेवर ठरते. जुन्या फोटोची छापील प्रत सोबत न्या. त्यात जवळच्या इमारतीची कड दूरच्या कुठल्या खिडकीला चिकटली आहे ते बघा आणि तीच कड त्याच खिडकीला चिकटेपर्यंत सरकत राहा. डावीकडे एक पाऊल टाकलं की जवळचा दिव्याचा खांब लांब पळतो, घुमट मात्र जागचा हलत नाही. चौकट थोडी मोठी घ्या, क्रॉप नंतर करता येतं. मास्कची कड, म्हणजे जुना फोटो जिथे आजच्या फोटोला मिळतो ती रेषा, फुटपाथच्या किंवा खांबाच्या रेषेवरून न्या, माणसाच्या अंगावरून नको. जुना भाग काळा-पांढराच राहू द्या. रंग भरले की कोणता काळ कुठे संपतो ते कळेनासं होतं.

मृतांचे फोटो मी मिसळत नाही. वेढ्यातल्या लेनिनग्राडच्या नेव्हस्की या मुख्य रस्त्यावर एका बाईने घसरगाडीवरून ओढत नेलेला, कापडात गुंडाळलेला देह आजच्या वाटसरूंच्या मधोमध ठेवला, तर ती माणसं त्याच्याकडे पाठ फिरवून चालल्यासारखी दिसतात. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकही नसतं की आपण कोणाशेजारून चाललोय. हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि गाडी ओढणाऱ्या बाईवरही. असे फोटो शेजारी-शेजारीच, मध्ये मोकळी जागा सोडून.

वाट कुठलीही निवडा, मूळ फोटो अखंड, न कापता सोबत द्या. सोव्हिएत छायाचित्रकार येव्गेनी खाल्देई यांच्या १९४५ च्या, बर्लिनमधल्या राइशस्टाग या संसद इमारतीवरच्या सोव्हिएत झेंड्याच्या फोटोत धूर वाढवला होता आणि एका सैनिकाच्या मनगटावरचं घड्याळ पुसलं होतं. आपण मिसळतो तेव्हा आधीच हात फिरलेल्या फोटोवर आणखी एक हात फिरवत असतो, आणि कोणता हात कोणाचा हे बघणाऱ्याला ताडून पाहता आलं पाहिजे.