ई-रीडरचे आठ महिने: शब्द कळतो, वाक्प्रयोग अडतो

वापरलेला ई-रीडर साडेचार हजारांना घेतला, त्याला आठ महिने झाले. बॅटरी, स्क्रीन याबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. मी तो घेतला एकाच सोयीसाठी: इंग्रजी पुस्तक वाचताना शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ दिसतो. मराठी माध्यमात शिकलेल्यांना याचं मोल कळेल.

आणि तिथेच घोडं अडलं. 'शी पुट अप विद हिम फॉर ट्वेंटी इयर्स.' 'पुट' दाबलं तर 'एखाद्या जागी ठेवणे'. 'अप' म्हणजे वर. वीस वर्षं नवऱ्याला वर ठेवलं? अवघड शब्द हे यंत्र झटक्यात सांगतं, पण शाळेत पहिल्यांदा शिकलेले सोपे शब्द एकत्र आले की गप्प. दोन महिने मी याच गोष्टीवर धुमसत होतो. आपलंही तसंच आहे म्हणा. 'हात' आणि 'टेकणे' वेगवेगळे पाहून 'हात टेकले' कुणाला कळेल?

मग अर्थ न बघता पुढे वाचत राहिलो. नवरा पितो, घर ती चालवते, शेवटी बॅग भरून निघते. म्हणजे सहन केलं! असा लागलेला अर्थ आजवर विसरलेलो नाही.

पण अग्रलेख वाचताना ही युक्ती चालेना. हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार गोष्ट मदतीशिवाय नीट समजायला ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. अग्रलेखात माझे पाच-सहा अडतात.

पाचव्या महिन्यात एक शोध लागला आणि माझी तक्रार निम्मी झाली. अर्थ दाखवणाऱ्या छोट्या चौकटीतून शब्दकोशातली पूर्ण नोंद उघडते आणि वाक्प्रयोग तिच्या तळाशी असतात! हे खरेदीच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर?

गेल्या आठवड्यात अमेरिकन क्लायंटचा मेल आला: 'लेट्स टेबल द प्राइसिंग इश्यू.' दुसऱ्या दिवशी मीटिंग, म्हणून संदर्भावरून 'चर्चेला घेऊ' असा अर्थ लावला आणि रात्री दोनपर्यंत दरपत्रक केलं. मीटिंगमध्ये दरांचा विषयच निघाला नाही. ब्रिटिश इंग्रजीत माझा अर्थ बरोबर आहे, अमेरिकेत 'टेबल' म्हणजे विषय पुढे ढकलणे. दोन्ही अर्थ त्या वाक्यात चपखल बसतात. पूर्ण नोंदीत दोन्ही होते, मी उघडलीच नव्हती.

आता आधी अंदाज टिपून ठेवतो, मग नोंद तळापर्यंत वाचतो. नवा घ्यायला पैसे घालू नका, वापरलेला मिळाला तर जरूर घ्या. आणि मेल अमेरिकेतून असेल तर 'टेबल' दिसताच एक ओळ लिहून विचारा.