इंग्रजीतून तुर्की शिकवणारं अ‍ॅप: काही महिन्यांच्या वापरानंतर

तुर्की मालिका सबटायटलशिवाय कळाव्यात म्हणून उन्हाळ्यात एका अ‍ॅपची वर्गणी भरली. आता दिवाळी झाली. उच्चार आणि सराव यांसाठी ते मला मनापासून आवडतं. व्याकरण मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलंय आणि तिथे आपली विनाकारण दमछाक होते.

'एव' म्हणजे घर. एवदे घरात, एवदेन घरातून, एवलेरिमिझदेन आमच्या घरांतून. नामाला प्रत्यय चिकटतात एवढं पटवण्यातच कितीतरी धडे जातात. आपण विभक्ती शाळेतच शिकलोय. उलट तुर्कीत सामान्यरूप नाही, लिंगही नाही! खरं शिकायचं ते स्वरांचं जुळणं. एवदे, पण शाळेत म्हणायचं तर ओकुलदा, कारण आधीचा स्वर उ आहे. हे अ‍ॅपने ऐकवून ऐकवून असं पक्कं केलंय की चुकीचा प्रत्यय आता कानाला खटकतो. याचे पैकीच्या पैकी गुण.

भूतकाळ दोन. गेल्दी म्हणजे आला, हे खात्रीने सांगितलेलं. गेल्मिश म्हणजे आला म्हणे, ऐकीव किंवा खुणांवरून ताडलेलं. अ‍ॅपचं लांबलचक स्पष्टीकरण सोडा, 'म्हणे' धरून चाला. मालिकांतल्या चुगल्या याच रूपात असतात आणि तुर्की परीकथाही 'बिर वारमिश, बिर योकमुश' (एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे) अशीच सुरू होते. योकमधल्या ओमुळे मिशचा मुश झालाय, तेही पाहा.

मराठी जिथे उपयोगी पडत नाही ती जागा म्हणजे कर्म. गाझेते ओकुदुम: पेपर वाचला, कुठलाही. गाझेतेयी ओकुदुम: तो ठरावीक पेपर वाचला. आपण 'ला' लावतो तो मुख्यतः सजीवांना, तुर्कीत प्रश्न ठरावीक की नाही एवढाच. शिवाय वाचला-वाचली असं कर्माप्रमाणे बदलणं नाही, ओकुदुममधला 'म' कायम 'मी' सांगतो. इतका महत्त्वाचा भाग अ‍ॅपने दोन ओळींत उरकलाय, ही माझी सर्वांत मोठी तक्रार.

दुसरी तक्रार रीतिवर्तमानाची, म्हणजे 'करतो, येतो' अशा नेहमीच्या क्रियांच्या रूपाची. बहुतेक एकाक्षरी धातूंना आर किंवा एर लागतो, जसं यापार (करतो), सेवेर (प्रेम करतो). पण 13 धातू इर घेतात, म्हणून गेलिर (येतो), वेरिर (देतो), बिलिर (जाणतो). ही यादी अ‍ॅपमध्ये मला कुठेच सापडली नाही. ती व्याकरणाच्या पुस्तकातून उतरवून घ्या आणि वर्गणी वर्षाची न भरता महिन्याची भरा.