बिटपे घ्यावं की बीटीसीपे सर्व्हर?

ऑनलाइन विक्रीत बिटकॉइन स्वीकारायचं ठरवलंत की बहुधा दोन नावं समोर येतात: बिटपे आणि बीटीसीपे सर्व्हर. काम एकच, पण स्वभाव अगदी उलटे. आणि ते स्वभाव दोघांच्या जन्मकथेतच दिसतात.

बिटपे ही अमेरिकेतल्या अटलांटाची कंपनी. टोनी गॅलिप्पी आणि स्टीफन पेअर यांनी ती 2011 मध्ये काढली. बिटकॉइन घेणारं दुकान तेव्हा शोधावं लागे. या दोघांनी एक गोष्ट अचूक हेरली, की दुकानदाराला बिटकॉइन नको असतं, गिऱ्हाईक हवं असतं. म्हणून ग्राहकाने बिटकॉइन द्यायचं, भावाच्या चढउताराची जोखीम बिटपेने घ्यायची आणि दुकानदाराच्या बँक खात्यात डॉलर जमा व्हायचे. 2012 मध्ये वेबसाइट बनवून देणारं वर्डप्रेस बिटपेचं गिऱ्हाईक झालं, मे 2014 मध्ये 3 कोटी डॉलरचं भांडवल आलं आणि गुंतवणूकदारांत रिचर्ड ब्रॅन्सनही होते.

2014 चा डिसेंबर या कंपनीचं पाणी दाखवणारा. मायक्रोसॉफ्टने बिटपेमार्फत बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली. महिनाअखेरीस कॉलेज फुटबॉलचा एक सामना बिटकॉइनच्या नावाने, बिटपेच्या पैशांवर खेळला गेला. आणि याच महिन्यात एका भामट्याने वित्त अधिकाऱ्याचा ईमेल ताब्यात घेऊन, त्याच्या नावाने थेट सीईओ पेअर यांच्याकडे बिटकॉइन मागितले. तीन खेपांत 5,000 बिटकॉइन गेले, म्हणजे तेव्हाचे सुमारे 18 लाख डॉलर. विमा कंपनीने हात वर केले आणि प्रकरण कोर्टात गेलं. तुमचा पैसा मधल्या माणसाच्या हातात असतो याचा अर्थ नेमका काय, ते इथे कळतं.

बीटीसीपे सर्व्हरचा जन्म मात्र रागातून झाला. 2017 मध्ये बिटकॉइनच्या ब्लॉकचा, म्हणजे व्यवहार ज्यात नोंदले जातात त्या गठ्ठ्याचा, आकार वाढवण्यावरून भांडण पेटलं होतं. बिटपेने वाढीच्या बाजूचं सॉफ्टवेअर लोकांच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला, असं अनेकांना वाटलं. निकोला दोरिये या फ्रेंच प्रोग्रामरने तर तुम्हाला कालबाह्य करून दाखवीन, असं ट्विटरवर जाहीर केलं आणि कामाला लागला. (ती वाढ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बारगळली, सर्व्हर राहिला.)

बीटीसीपे ही कंपनी नाही, मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते तुमच्या सर्व्हरवर चालतं. त्याला तुमच्या वॉलेटची, म्हणजे बिटकॉइनच्या पाकिटाची, फक्त सार्वजनिक किल्ली द्यायची; तिने पैसे घेण्याचे पत्ते काढता येतात, खर्च करता येत नाही. प्रत्येक बिलासाठी ते नवा पत्ता काढतं आणि पैसे थेट तुमच्या वॉलेटमध्ये येतात. पैसे खर्च करणारी खासगी किल्ली सर्व्हरवर ठेवलेली नसेल, तर सर्व्हर हॅक झाला तरी आधी जमा झालेलं चोराच्या हाती लागत नाही. लाइटनिंग, म्हणजे बिटकॉइनचे झटपट आणि छोटे व्यवहार करणारं जाळं, वापरलंत तर मात्र ही ढाल नाही, कारण तिथे पैसा सर्व्हरवरच असतो.

खर्चाचं बोलू. बीटीसीपे कमिशन घेत नाही. सर्व्हरचं भाडं आणि तुमचा वेळ, एवढंच. बिटपे मासिक उलाढालीनुसार 1 ते 2 टक्के आणि वर प्रत्येक व्यवहाराला 25 सेंट घेतं. 5 डॉलरच्या वस्तूवर 2 टक्क्यांच्या दराने हे 35 सेंट होतात, म्हणजे 7 टक्के! 500 डॉलरच्या वस्तूवर ते 25 सेंट जाणवणारही नाहीत.

बिटपे कायद्याच्या चौकटीतली कंपनी असल्याने नियमही तुमच्यापर्यंत पोचतात. इराण, क्युबा वगैरे निर्बंध असलेल्या ठिकाणच्या ग्राहकांना न अडवल्याबद्दल 2021 मध्ये अमेरिकी अर्थखात्याशी तडजोड करून तिला 5,07,375 डॉलर भरावे लागले. तेव्हा ग्राहकाची ओळख विचारली जाणं गृहीत धरा. बीटीसीपे असं काही विचारत नाही, पण म्हणून तुमची कायदेशीर जबाबदारी टळत नाही.

माझं मत? पगार आणि भाडं डॉलरमध्येच द्यायचं असेल आणि मध्यरात्री सर्व्हर बंद पडला तर उठणारं कोणी नसेल, तर मुकाट्याने बिटपे घ्या. बिटकॉइन जवळ ठेवायचंच असेल, वस्तू स्वस्त असतील आणि हाताशी एक जाणकार असेल, तर बीटीसीपेसमोर बिटपे मला महाग वाटतं.

दोरियेने आपलं सॉफ्टवेअर बिटपेच्या जोडणीशी (दुकानाची वेबसाइट बिटपेशी ज्या पद्धतीने बोलते तिच्याशी) जुळेल असंच लिहिलं, म्हणजे दुकानदाराला सहज उडी मारता यावी. त्यामुळे आज बिटपे घेऊन पुढे बीटीसीपेकडे जाणं फार जड नाही. निघण्याआधी जुन्या व्यवहारांच्या नोंदी तेवढ्या उतरवून घ्या.