रीडिंगमागे पैसे की महिन्याचा पगार? मीटर रीडरच्या कमाईचा खरा हिशेब

मीटर रीडिंगचं काम घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात: एका रीडिंगला किती मिळतात? मीही तेच विचारलं होतं. अडीच वर्षं रीडिंगमागे पैसे घेऊन हे काम केलं, आता दुसरीकडे पगारावर तेच काम करते आहे. त्यामुळे आज कुणी सल्ला मागितला तर मी आधी विचारते: दार बंद असेल तर त्या खेपेचे पैसे कोण देणार? दोन्ही पद्धतींतला खरा फरक तिथे आहे.

पगारी रीडरला सकाळी यादी मिळते आणि तो ती फिरतो. त्यातल्या 40 घरांना कुलूप निघालं तर तो ‘लॉक’ अशी नोंद टाकतो, दिवस भरतो. स्वतंत्र रीडरला, म्हणजे कागदोपत्री स्वयंरोजगार करणाऱ्याला, पैसे फक्त झालेल्या रीडिंगचे. कुलूप आहे, मीटरपुढे सामान रचलंय, कुत्रा मोकळा आहे, डिस्प्ले बंद पडलाय, अशा प्रत्येक ठिकाणी पाय तेवढेच झिजतात आणि पदरात काही पडत नाही. त्या ग्राहकाला मग सरासरीवर अंदाजे बिल जातं. कंपनीचं काम अडत नाही, खेप मात्र तुमची वाया जाते.

हिशेब करताना मी रक्कम बाजूला ठेवते आणि रीडिंग हेच माप धरते, म्हणजे दर कितीही असला तरी तो लागू पडतो. समजा, एजन्सी सांगते की तासाला 30 रीडिंग सहज होतात आणि रूटवर 7 तास काम असतं. म्हणजे दिवसाला 210. ऐकायला छान वाटतं. आता प्रत्यक्षातला एक दिवस घ्या. यादीत 200 मीटर. 50 ठिकाणी कुलूप किंवा अडचण, राहिले 150. त्यातल्या 6 मीटरचे फोटो अस्पष्ट म्हणून नाकारले गेले, म्हणजे पैसे 144 चे. पेट्रोल, गाडीचा घसारा, मोबाइलचा डेटा, बूट, टॉर्च हे सगळं मिळून 27 रीडिंगचे पैसे खर्चात गेले असं धरू. उरले 117. आणि तास 7 नव्हेत. रूटपर्यंत जाणं-येणं एक तास, यादी उतरवून घेणं, डेटा चढवणं, नाकारलेल्या नोंदी निस्तरणं यात आणखी एक. एकूण 9. आता 117 ला 9 ने भागा: तासाला 13 रीडिंग.

इथेही थांबू नका. पगारी माणसाला 52 आठवड्यांचा पगार मिळतो, त्यात रजा, सण, आजारपण धरलेलं असतं. तुम्ही वर्षात 4 आठवडे घरी राहिलात तर कमाई 48 आठवड्यांचीच. 13 ला 48 ने गुणून 52 ने भागलं की उत्तर येतं 12. तासाला 30 म्हणून सांगितलेलं काम 12 वर येतं, आणि यातून कर भरायचाय, म्हातारपणासाठीही काढून ठेवायचंय. माझे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे निघतील. पण पद्धत हीच ठेवा. समोर पगारी नोकरी असेल तर तिचा तासाचा पगार काढा, त्याला एका रीडिंगच्या दराने भागा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. मालक भविष्य निर्वाह निधीत किंवा विम्यात काही भरत असेल तर तेही पगारात मिळवा. ते आपल्या हातात येत नाही म्हणून अनेक जण ते मोजतच नाहीत.

वेळ कुठे जातो हे रूटवर गेल्याशिवाय कळत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरचा डिस्प्ले एका जागी थांबत नाही. तारीख येते, वेळ येते, मग व्होल्टेज, मग कमाल मागणी, आणि मग कधीतरी युनिटचा आकडा. मोबाइल नीट धरेपर्यंत तो निघून गेला की पुन्हा सगळा फेरा बघत उभं राहायचं. काही मीटरना बटण असतं, ते अनेकदा अडकलेलं. एका मीटरपुढे सरासरी 20 सेकंद थांबावं लागलं तरी 150 मीटरचे 3000 सेकंद होतात, म्हणजे 50 मिनिटं. जुन्या काटेवाल्या मीटरची तऱ्हा निराळी. शेजारशेजारचे काटे उलट्या दिशांनी फिरतात, आणि काटा दोन अंकांच्या मध्ये असेल तर लहान अंक घ्यायचा. 9 आणि 0 च्या मध्ये असेल तर मात्र 9. घाईत हे चुकलं की बिल भलतंच येतं, तक्रार होते, आणि रीडिंगमागे पैसे घेणाऱ्याच्या हिशेबातून कपात होते. पगारी रीडरलाही बोलणी खावी लागतात, पण त्याला घाई करायला भाग पाडणारं तेवढं काही नसतं. माझं तर मत असं आहे की रीडिंगमागे पैसे देण्याची पद्धतच चुका वाढवते.

रूटचा फरक तर सगळ्यांत मोठा. तळमजल्यावर एकाच भिंतीवर रांगेनं लावलेले 40 मीटर असतील तर पंधरा-वीस मिनिटांत सगळे उरकतात. तेवढ्याच वेळात विखुरलेल्या वस्तीत तीन घरंही होत नाहीत. दर मात्र अनेकदा एकच. दाट रूट जुन्या माणसांकडे असतात, नव्याला उरलेले मिळतात. मला पहिले चार महिने असा रूट होता की दोन मीटरांच्या मध्ये गाडी चालू करावी लागायची. पगारी रीडरला विरळ रूट आला तर दमणूक वाढते, कमाईला धक्का लागत नाही.

आजारपणाचं एकच उदाहरण सांगते. तळघरातल्या मीटरकडे उतरत होते, दिवा नव्हता, शेवटची पायरी तुटलेली होती. पाय मुरगळला तो सुजूनच वर आला. अकरा दिवस घरी होते. त्या अकरा दिवसांत कमाई शून्य, औषधपाणी स्वतःच्या खिशातून, आणि बाराव्या दिवशी कळलं की माझा रूट दुसऱ्याला दिलाय. आज पगारावर असताना असंच झालं तर निदान रजा आहे आणि परत यायला जागा आहे. कुत्रा चावणं, पावसात गाडी घसरणं या कामात व्हायचंच. म्हणून स्वतंत्रपणे काम घेणाऱ्यानं अपघात विमा पहिल्या दिवसापासून काढावा, आणि त्याचा हप्ता खर्चात धरून वरचा हिशेब पुन्हा करावा.

‘तुम्ही तुमचे मालक’ असं सांगून हे काम देतात. त्याची परीक्षा सोपी आहे. रूट कोण ठरवतं? दर कोण ठरवतं? आज काम नको म्हटलं तर उद्या मिळतं का? तुमच्या जागी भाऊ किंवा बहीण जाऊ शकते का? एकाच वेळी दुसऱ्या एजन्सीचं काम घेता येतं का? सगळी उत्तरं त्यांच्या बाजूची असतील तर मालकी नावापुरती आहे, जोखीम मात्र पूर्ण तुमची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2006 मध्ये 198 क्रमांकाची शिफारस याच विषयावर स्वीकारली. करारात काय नाव दिलंय यापेक्षा काम प्रत्यक्षात कसं चालतं हे आधी बघावं, असं ती सांगते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानंही फेब्रुवारी 2021 मध्ये याच धर्तीवर उबरच्या चालकांना कामगारांचे हक्क दिले. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण वेळापत्रक, गणवेश, रूट सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं असेल तर सही करण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या माणसाला करार दाखवावा.

स्वतंत्र कामाच्या बाजूनंही बोलायला हवं, कारण काहींना ते खरंच परवडतं. घराजवळ, चालत होणारा, दाट रूट असेल तर पेट्रोलचा खर्च जवळपास उरतच नाही. घरात दुसरी पक्की कमाई असेल, मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळायच्या असतील, महिन्यातले ठरावीक दिवसच काम हवं असेल, तर पगारी नोकरी ही सवड देत नाही. संध्याकाळी लोक घरी असताना फिरायची मुभा असेल तर कुलपंही कमी लागतात. बहुतेक ठिकाणी धंद्याचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो, तेव्हा पावत्या जपून ठेवा. पण एकट्याच्या कमाईवर घर चालत असेल आणि रूट विरळ असेल, तर मी सरळ नको म्हणेन. गाडीसाठी कर्ज काढून तर मुळीच नको.

कर्जाचं मुद्दाम सांगते, कारण हे काम आटत चाललंय. इटलीत दुरून रीडिंग देणारे मीटर 2001 पासून बसवायला घेतले आणि काही वर्षांतच सुमारे 3 कोटी मीटर बदलून झाले. स्वीडनमध्ये 2009 पासून घरगुती विजेचं रीडिंग दर महिन्याला घेणं सक्तीचं झालं आणि ते दुरूनच होऊ लागलं. स्मार्ट मीटर आले तरी काही भेटी उरतात: सिग्नल न मिळणारे मीटर, पाण्याचे जुने मीटर, तपासणी. पण अशी उरलीसुरली घरं लांब लांब असतात, आणि रीडिंगमागे पैसे घेणाऱ्याला तीच सगळ्यांत महाग पडतात. पगारी रीडरला अशा वेळी तपासणीत किंवा मीटर बसवण्याच्या कामात घेतलं जाण्याची शक्यता असते. स्वतंत्र रीडरचा करार मात्र पुढे वाढवलाच जात नाही.

होकार देण्याआधी करारात चार गोष्टी लिहून मागा. कुलूप निघालं तर निम्मा तरी दर मिळणार का, फोटो नाकारल्याचं कारण किती दिवसांत कळवणार, पैसे कोणत्या तारखेला जमा होणार, आणि यंत्रासाठी घेतलेली अनामत कधी परत मिळणार. तोंडी ‘होईल सगळं’ म्हणाले तर मला तरी ते पुरेसं वाटत नाही. माझी अनामत मिळायला सात महिने लागले.

आणि जमल्यास त्याच रूटवर एखाद्या रीडरबरोबर एक पूर्ण दिवस फिरा. वहीत चारच गोष्टी लिहा: घरातून निघाल्याची वेळ, झालेली रीडिंग, लागलेली कुलपं, घरी परतल्याची वेळ. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जा, कारण तेव्हा राहून गेलेली घरं पुन्हा फिरायची असतात आणि यादीत कुलपंच जास्त असतात.