ओपनसिम: आठ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः गुडघ्याविषयी

ओपनसिम, म्हणजे शरीराच्या हालचालींवरून स्नायूंची बले संगणकावर काढणारी प्रणाली, निवडताना माझा पहिला निकष पैशाचा होता, हे आधीच नमूद करतो. ते विनामूल्य आहे, पायथन या संगणकभाषेतून चालवता येत असल्याने मॅटलॅब या सशुल्क गणितप्रणालीचा परवाना घ्यावा लागला नाही, आणि माझ्या सहा वर्षे जुन्या लॅपटॉपवरही ते निमूट चालते. केवळ चालण्याचा अभ्यास असेल, तर तक्रारीला जागा नाही.

माझा विषय मात्र उकिडवे बसण्याचा आहे, कारण भाजी निवडण्यापासून खुरपणीपर्यंत आपल्याकडची कितीतरी कामे त्याच बैठकीत होतात. ओपनसिममध्ये चालणाऱ्या 2016 च्या राजगोपाल मॉडेलमध्ये (शरीराच्या संगणकीय प्रतिकृतीत) पायांचे 80 स्नायू-कंडरा घटक आहेत (कंडरा म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग), पण ते चालण्या-धावण्यासाठी बांधलेले असून त्यातला गुडघा 120 अंशांपर्यंतच वाकतो. आईला मार्कर (हालचाल टिपण्यासाठी अंगावर लावायच्या खुणा) लावून मोजले, तेव्हा तिचा गुडघा 138 अंशांवर गेला. मर्यादा सैल करून मी गणित पुढे रेटले आणि उत्तर आले की, ती स्वस्थ बसलेली असतानाही तिच्या मांडीमागचे स्नायू जोर लावत आहेत. त्याच संध्याकाळी ती मेथी निवडायला बसली असता मी गुडघ्यालगतची त्या स्नायूंची कंडरा बोटाने चाचपली. कंडरा सैल होती, म्हणजे ते स्नायू जोर लावतच नव्हते.

तीन आठवडे मी मार्करच्या चुका शोधत राहिलो. खरे कारण स्नायूंच्या हिल-प्रतिमानात (स्नायूचे बल त्याच्या लांबी व वेगावरून काढणाऱ्या गणिती प्रतिमानात) होते: मांडीच्या पुढचे स्नायू फार ताणले गेले की त्यांचे निष्क्रिय बल (आकुंचनाशिवाय, केवळ ताणामुळे येणारे) झपाट्याने चढते, ते गुडघा सरळ करू पाहते, आणि हिशेब जुळवण्यासाठी गणित मागच्या स्नायूंना कामाला जुंपते.

येथपर्यंत मी दोनच तारे देणार होतो. मग लाय, अर्नोल्ड आणि वेकलिंग यांनी 2017 मध्ये नेमक्या याच दुखण्यावर केलेली सुधारित आवृत्ती हाती लागली. तिच्यात गुडघा 140 अंशांपर्यंत वाकतो, आणि तीही फुकट मिळते. तिच्यात तीच मोजणी घातली, तेव्हा मागच्या स्नायूंचा तो खोटा जोर बराच ओसरला. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला, आणि तारे चार केले.

पाचवा राखून ठेवला आहे. पूर्ण बसल्यावर मांडी पोटरीवर टेकते आणि भाराचा काही भाग तेथून जातो. मॉडेलमध्ये हा आधारच नाही, त्यामुळे गुडघ्यावरचा टॉर्क (सांधा फिरवू पाहणारा जोर) प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. तो दाब मोजून बाह्य बल म्हणून स्वतः जोडता येतो, पण त्यासाठी लागणारे दाबमापक मला परवडले नाही. म्हणून मांडी टेकल्यानंतरचे टॉर्कचे आकडे मी प्रबंधातून वगळले आहेत.