गाडीला टप, मला टोपी

जुन्या उघड्या गाडीवर पत्र्याचा कायमचा टप चढवायचा कोणाचा विचार चालू असेल, तर गाडी गॅरेजला सोडण्याआधी हे वाचा. माझे एक लाख नव्वद हजार गेले, पाच महिने गेले, आणि गाडीचं एक अंग गेलं ते अजून सापडलेलं नाही.

गाडी काकांची. ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री (म्हणजे या मॉडेलची तिसरी आवृत्ती), 1969 ची मुंबईतलीच नोंदणी. दादर पारशी कॉलनीतल्या एका गृहस्थांनी ती विलायतेहून आणली होती, काकांनी त्यांच्याकडून घेतली. इंजिन 1296 सीसीचं, आजच्या हिशेबात किरकोळ. पण पुढचं अख्खं तोंड मडगार्डांसकट पुढे उलटतं, आणि ते उलटलं की बिल्डिंगमधली पोरं अजून गोळा होतात. काकू म्हणायच्या, दोन माणसांची गाडी आणि चार माणसांचा खर्च. काका गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि खर्चही.

आमच्या हिंदू कॉलनीच्या बिल्डिंगला कंपाउंड आहे, शेड नाही. वर बदामाचं झाड. पावसाळ्याचे चार महिने ताडपत्री बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. कापडी हुडाला बुरशी धरायची, आत उंदीर, सीटच्या स्पंजात त्यांची बाळंतपणं. गुडघे दुखायला लागल्यावर मी ठरवलं की आता वर पत्रा हवा, एकदाचा.

त्यात चूक काही नव्हती. ट्रायम्फ कंपनी स्वतःच स्पिटफायरसाठी पत्र्याचा हार्डटॉप वेगळा विकायची. तो पुढच्या काचेच्या चौकटीला आणि मागच्या डेकला, म्हणजे सीटमागच्या सपाट पत्र्याला, नट-बोल्टने बसतो. दोन माणसं धरून उचलून ठेवतात, वेल्डिंगचा संबंध नाही. पहिल्या तीन मार्कांचा हार्डटॉप गोलसर, 1970 नंतरच्या मार्क फोरचा जरा चौकोनी. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

गॅरेज पश्चिम उपनगरातलं. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. मालक पंचेचाळिशीतला, अस्खलित मराठी, कपाळाला अष्टगंध, बोलणं मऊ. आमची पहिली भेट तुम्हाला नीट सांगायला हवी, कारण मी तिथेच गारद झालो.

स्पिटफायरच्या पुढच्या चाकांना ट्रनियन नावाचा पितळी भाग असतो, आत आटे असलेला. स्टेअरिंग फिरवलं की चाक त्या आट्यांवर फिरतं. त्यात गिअर ऑइल घालायचं असतं. मुंबईतले शंभरातले नव्वद मेकॅनिक ग्रीस मारतात, ग्रीस आट्यांपर्यंत धड पोचत नाही, आत गंज धरतो, आणि एखाद्या दिवशी चाक आडवं होतं. नव्या मेकॅनिकची मी हीच परीक्षा घेतो. या गृहस्थाने मी विचारायच्या आधीच खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “साहेब, याला ग्रीस कोणी मारलं? नव्वद नंबरचं ऑइल घाला. स्टँडर्ड हेराल्डलाही हेच होतं.”

झालं! मद्रासला बनणाऱ्या हेराल्डचं आणि स्पिटफायरचं पुढचं सस्पेन्शन एकाच घरातलं, हे माहीत असलेला माणूस मला कित्येक वर्षांनी भेटला होता. त्यानंतर मी त्याला एकही धड प्रश्न विचारला नाही. घरी येऊन बायकोला म्हणालो, “माणूस मिळाला.” ती म्हणाली, “पावती मिळाली का?” मी हसलो.

त्याच्याकडे म्हणे इंग्लंडमध्ये एक अस्सल फॅक्टरी हार्डटॉप बघून ठेवलेला होता. व्हॉट्सॅपवर फोटो आले. लाल, झकास, मागची काच शाबूत. चाळीस हजार ॲडव्हान्स दिले. ते फोटो आज पुन्हा बघतो तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. मागच्या काचेत समोरच्या घराचं प्रतिबिंब आहे, विटांचं घर, धुराडं, ओली हिरवळ. कोणाच्या तरी विक्रीच्या जाहिरातीतून उचललेले फोटो. आणि टपाची कड बघाल तर चौकोनी, म्हणजे मार्क फोरची. माझ्या गाडीचा तो नव्हेच. हे मी दहा लोकांना समजावून सांगू शकतो, पण त्या दिवशी मी फक्त लाल रंग बघितला.

गाडी जानेवारी 2024 मध्ये त्याच्याकडे गेली. “मापं घ्यायला लागतील, सोडून जा.” गुढीपाडव्याला परत द्यायचा वायदा. फेब्रुवारीत फोन आला की टप न्हावा-शेवाला येऊन पडलाय, कस्टमवाले सोडत नाहीत, ड्युटी भरायला पासष्ट हजार पाठवा. पाठवले. बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे आयात मालासाठी कस्टमकडे भरलेल्या कागदाची, कॉपी मागितली तर म्हणाला, “एजंटकडे आहे, देतो.” परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवायचा तर बिल ऑफ एन्ट्री भरावीच लागते, आणि तिचा नंबर हातात असेल तर कस्टमच्या आइसगेट या साइटवर घरबसल्या तपासता येतो. मला हे नंतर कळलं. तुम्ही आधी नंबर मागा. जीएसटीचं बिल मागितलं तेव्हा उत्तर आलं, “बिल हवं तर 18 टक्के वर लागतील, साहेब. आपल्यात कशाला?” मीही म्हणालो, आपल्यात कशाला. पाचपन्नास हजारांच्या वर व्यवहार गेला की ‘आपल्यात’ हा शब्द ऐकून खरं तर पळत सुटायला हवं.

पाडवा गेला. मी अचानक गॅरेजवर गेलो तर गाडी आतल्या अंगाला, दारं काढून भिंतीशी उभी केलेली, वर एक टप आधीच टाचलेला. राखाडी प्रायमर मारलेला, त्यामुळे खाली काय आहे ते दिसत नव्हतं. मी विचारलं, “हा तर वेल्ड केलाय?” तो म्हणाला, “नट-बोल्टवाला खडखडतो, साहेब. आपल्या रस्त्यांवर टिकणार नाही. मी कायमचं काम करून देतो.” आणि आरटीओचं? “तिथे आपला माणूस आहे.”

मी गप्प बसलो. दारं उतरवलेली, टप टाचलेला, गाडी त्याच्या ताब्यात. भांडलो असतो तर ती तशीच रस्त्यावर ढकलली असती, अशी भीती वाटली. या धंद्यातली खुबी हीच असावी. गाडी उघडी पडली की मालक मऊ होतो.

मेअखेर गाडी मिळाली. शेवटचे पंच्याऐंशी हजार रोख मोजून घेतल्यावरच किल्ली हातात दिली. लांबून बघाल तर सुंदर. लाल चकचकीत, आत छताला पांढरं अस्तर. उजवं दार मात्र उचलून लावावं लागत होतं. “नवीन रबर आहे, बसेल.” बसलं नाही. बसणार कसं? या गाडीला पाठीच्या कण्यासारखी मधली चेसिस असते, कडांना आधार नाही. बाजूचा ताण दाराखालच्या सिलवर, म्हणजे उंबरठ्यासारख्या पट्टीवर येतो. दारं काढून, आत टेकू न देता वर वेल्डिंग केलं की बॉडी खचते आणि मग दाराची फट सहजी जुळत नाही.

तिसऱ्या दिवशी माटुंग्याला एका गतिरोधकावर कट् असा आवाज आला. पुढच्या काचेला डाव्या कोपऱ्यात केसासारखी रेघ. चेसिस थोडी लवते, लवायलाच हवी. पूर्वी वर मोकळं होतं, आता काचेच्या चौकटीपासून मागच्या डेकपर्यंत पत्रा घट्ट डागलेला. हिसका काचेवर आला.

मग जूनचा पहिला पाऊस. सकाळी खाली उतरलो तर टपाच्या उजव्या कडेला रंगाखाली फुगे आलेले, पापडासारखे. नखाने एक फोडला. वर लाल, खाली राखाडी, मग तपकिरी लांबीचा थर, जवळजवळ बोटाच्या पेराएवढा. डेंटर लोक खड्डा बुजवायला जी मेटल पेस्ट लावतात ती लांबी. मी चावीने आणखी खरवडलं. लांबीच्या खाली पिवळा रंग लागला.

तो पिवळा मुंबईतल्या कोणालाही ओळखता येईल. तरी मन मानेना. फाइव्ह गार्डन्सच्या कोपऱ्यावर टॅक्सी लावणारे एक काका आहेत, तीस वर्षं पद्मिनी चालवलेले, त्यांना बोलावून आणलं. त्यांनी टपावरून तळवा फिरवला, कडेला थांबले, जिथे पावसाची पन्हळ कापून घासून टाकलेली होती. म्हणाले, “पद्मिनीच आहे. पुढून कापून लहान केलीय.” मग आत शिरून छताच्या अस्तराचा कोपरा उचकटला. पांढऱ्या अस्तराखाली जुन्या रेक्झिनची एक पट्टी चिकटून राहिली होती. निळ्या जमिनीवर गुलाबी गुलाब. आपल्या काळ्या-पिवळ्यांच्या छताला असायचं तसलं. टॅक्सीवाले काका त्या गुलाबांकडे बघत राहिले. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा पेपरांत किती हळहळ छापून आली होती. तिच्यातल्याच कुठल्या तरी बहिणीचा टप कुर्ल्याच्या भंगारातून माझ्या डोक्यावर आला होता. अस्सल इंग्लिश मालाच्या भावात.

घरातलं फ्रिजवरचं चुंबक आणून टपावरून फिरवलं. चार ठिकाणी चिकटलं, बाकी सगळीकडे घसरून पडलं. हा उपाय फुकट आहे. गाडी ताब्यात घेताना, पैसे मोजायच्या आधी करा. पत्रा असेल तर चुंबक धरतं, जाड लांबी असेल तर धरत नाही. मी तो पैसे देऊन झाल्यावर दोन आठवड्यांनी केला.

आता कागदांचं. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, जुना नंबर राखता येतो. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. माझी गाडी 2019 सालीच पन्नाशीची झाली होती. अर्ज आज करू, उद्या करू म्हणत राहिलो आणि मधल्या काळात बॉडी शेललाच टॅक्सी डागून घेतली. शिवाय गाडीतल्या फेरफारांबद्दलचं 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. नोंदणीत उघडी गाडी आणि रस्त्यावर बंद गाडी, हे आरटीओतला ‘आपला माणूस’ काही पुसून टाकू शकत नाही. अपघात झाला असता तर विम्याच्या सर्व्हेअरने पहिलं बोट तिथेच ठेवलं असतं. नट-बोल्टचा अस्सल हार्डटॉप असता तर अर्ध्या तासात उतरवून गाडी होती तशी करता आली असती.

गॅरेजवर गेलो. मालक शांत. “साहेब, पत्रा म्हणालात, पत्रा दिला. इंग्लंडचा कुठे लिहून दिलाय?” खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. फोटोंखाली त्याने एक शब्द टाइप केलेला नव्हता. सगळं फोनवर बोललेलं. पोलीस चौकीत ऐकून घेतलं आणि दिवाणी मामला म्हणून हातात अर्जाची पोच दिली. ग्राहक चळवळीत काम केलेल्या एका शेजारीणबाईंनी मग मार्गावर आणलं. पैसे पाठवल्याच्या नोंदी, फोटो, तारखा, चुंबक फिरवतानाचा व्हिडिओ, दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल, असं सगळं लावून जिल्हा आयोगात ऑनलाइन तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. दोन वर्षांची मुदत असते, ती घालवू नका. माझे एक लाख पाच हजार यूपीआयने गेले होते म्हणून त्यांचा पुरावा आहे. रोख दिलेल्या पंच्याऐंशी हजारांना साक्षीदार फक्त माझी बायको, आणि ती काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

टप कापून काढला. लालबागच्या एका म्हाताऱ्या डेंटरने चार दिवस घासून, झाळून चौकट सरळ केली, दाराखाली टेकू देऊन उजवी फट बरीचशी जुळवली. त्याने मजुरीचं बिल न मागता दिलं. कापलेला टप कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा आहे, पुरावा म्हणून. वॉचमनची मांजर त्याच्याखाली व्याली.

राहिला हूड. कापडाचं मला काही नाही, कापड कोणीही शिवून देईल. पण त्याची घडीची लोखंडी फ्रेम त्या माणसाने “आता काय कामाची” म्हणून काढून ठेवली होती, आणि विचारलं तेव्हा म्हणाला भंगारात गेली. माझा विश्वास नाही. अशी फ्रेम इथे सहजी मिळत नाही हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मी शुक्रवारी पहाटे चोरबाजारात चक्कर मारतो. ओपेरा हाऊसच्या दोन दुकानदारांना सांगून ठेवलंय. डावीकडच्या दांडीला सांध्यापाशी पितळेचं झाळकाम आहे, जरा ओबडधोबड, काकांनी स्वतः केलेलं, आणि त्याच्या खाली त्यांनी कानशीने कोरलेली एक छोटी फुली. कोणाच्या नजरेस पडली तर विकणाऱ्याला काही बोलू नका. आधी नुसता भाव विचारा.